सुरीवर नाव कोणाचे?

बकरी ईदला महिनाभर उरला की आमच्या दुकानात सुऱ्या, छुरे आणि सत्तूर यांची विचारणा सुरू होते. गेली तीसेक वर्षे आम्ही हा माल विकत आहोत. दरवर्षी तोच प्रकार. गिऱ्हाईक येते, पाते अंगठ्यावर आडवे फिरवून पाहते, किंमत विचारते आणि निम्म्यात मागते. आम्हीही मग कारागिराकडे जाऊन त्याला तेच ऐकवतो. त्या सुरीचा बनविणारा कोण, हे गिऱ्हाइकाने आम्हास कधी विचारले नाही आणि आम्हीही कधी होऊन सांगितले नाही. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच की, यात आमचीही चूक आहे हे आम्हास बरेच उशिरा कळले.

झाले असे. आमचा एक पुतण्या अमेरिकेत नोकरीस आहे. तो सुट्टीवर आला असता तिकडच्या चाकूवाल्यांच्या मेळाव्यांची हकीकत सांगत होता. तिकडे हाताने चाकू बनविणारे लोक वर्षातून एक-दोनदा मोठ्या दालनात जमतात. प्रत्येकास एक टेबल. टेबलावर त्याच्या नावाची पाटी आणि समोर त्याच्या हातचे पाच-दहा चाकू. येणारा माणूस भाव विचारण्याआधी विचारतो की, यातला तुमचा स्वतःचा आवडता कोणता? मग तो कारागीर एक चाकू उचलून हातात देतो आणि अर्धा तास बोलत राहतो. पोलाद कोठले, भट्टीत किती वेळ, मूठ कोणत्या लाकडाची, कोठे चूक होता होता वाचली. शेजारच्या टेबलावरचे कारागीरही येऊन तो पाहून जातात आणि नावे ठेवायची असली तर तोंडावर ठेवतात.

हे ऐकून आम्हास वाटले, आपणही आपल्या कारागिरास हा प्रश्न विचारून पाहावा. आम्हास माल देणारे एक चाचा आहेत. वय सत्तरीच्या पुढे. घराच्या मागच्या बाजूस भट्टी, भाता आता विजेचा, बाकी सर्व हत्यारे वडिलांच्या वेळची. आम्ही म्हणालो, "चाचा, आजवर तुमच्या हातून झालेली सर्वांत चांगली सुरी दाखवा."

चाचा हसले. म्हणाले, "शेठ, दाखवू कुठून? चांगली झाली ती विकली. बिघडली ती घरात आहे, तुमची चाची तिनं कांदे चिरते."

आम्ही विषय सोडून दिला. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचा आमच्या दारात. "चला, दाखवतो." आम्हास घेऊन ते बाजारातल्या एका मटणाच्या दुकानात गेले आणि तेथील कुरेशीभाईंना म्हणाले, तुमची ती सुरी जरा द्या. सुरी आमच्या हातात आली तेव्हा ही दाखवण्यासारखी वस्तू आहे असे आम्हास मुळीच वाटले नाही. धार लावून लावून पाते बोटाएवढे अरुंद झालेले. मूठ बाभळीची, हाताच्या घामाने काळी पडलेली. चाचा म्हणाले, ही वीस वर्षांमागची. कुरेशीभाई म्हणाले, आमच्या वालिदांनी बाजारातून आणली होती, कोणाची ते ठाऊक नाही, पण अशी सुरी पुन्हा मिळाली नाही. दोघे एकाच बाजारात, हाकेच्या अंतरावर, वीस वर्षे. चाचांना आपली सुरी कोठे आहे हे माहीत होते. मालकाला सुरी कोणाची हे माहीत नव्हते.

चाचांनी ती ओळखली कशी? पात्याचा मागचा शेपटा जेथे मुठीत शिरतो, तेथे ते हातोडीने एक तिरका घाव घालतात. वडिलांपासूनची सवय. बस, तेवढीच सही.

त्या सुरीत काय होते ते येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आमच्या व्यापारी बंधूंपैकी बहुतेकांना आपण विकतो त्या मालाचे हे अंतरंग ठाऊक नसते. आम्हासही नव्हते. सुरी ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्याची. या पट्ट्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक असते. त्यामुळे ते तापवून कडक करता येते आणि मुळात ते लवण्यासाठीच केलेले असल्याने सहसा काडकन मोडत नाही. भंगारात ते स्वस्त मिळते. देशात ठिकठिकाणचे लोहार म्हणूनच त्यावर जगतात. मात्र पट्टा पट्ट्यासारखा नसतो. ज्याने वर्षानुवर्षे ओझे वाहिले त्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक चिरा असू शकतात. चाचा पट्टा ऐरणीवर टांगता धरून वाजवतात आणि आवाज बद्द आला तर बाजूला टाकतात.

पुढे घडाई. ती आपल्याला दिसते, ठिणग्या उडतात, म्हणून तेच मुख्य काम असे आपण समजतो. खरे काम त्यानंतरचे, पाणी देण्याचे. पाते लालबुंद करून तेलात किंवा पाण्यात बुडवायचे. किती लाल, हाच सर्व प्रश्न. कमी तापले तर धार टिकत नाही, जास्त तापले तर पोलादाचा कण जाड होतो आणि पाते ठिसूळ. एका ठराविक तापमानापुढे लोखंडाला लोहचुंबक चिकटत नाही, त्याच्या थोडेसे वर ही योग्य वेळ. शिकलेला कारागीर चुंबक लावून पाहतो, चाचा डोळ्याने पाहतात. म्हणून ते हे काम मगरिबच्या सुमारास, दिवा न लावता करतात. भर दुपारी उजेडात लालीचा खरा रंग कळत नाही. भट्टीची खोली अंधारी का ठेवतात, याचे कारण आम्हास त्या दिवशी समजले. आजवर आम्ही ती गरिबी समजत होतो.

बुडवून काढलेले पाते काचेसारखे असते, जमिनीवर पडले तर तुकडे होतील. ते पुन्हा मंद आचेवर धरायचे. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर मग रंग चढू लागतो. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीसाठी पिवळ्यावर थांबायचे. निळ्यापर्यंत गेले तर ती पुन्हा कमानपट्टीच झाली असे समजा, लवेल पण कापणार नाही. पिवळा ते जांभळा हा प्रवास काही क्षणांचा असतो. चाचा म्हणाले, "त्या दिवशी रंग अगदी जागेवर थांबला. हातालाच कळलं. अशी वेळ दर खेपेला येत नाही, शेठ."

अमेरिकेत तरी वेगळे काय आहे? तेथे लोहारकामाने पाते घडविणाऱ्यांची एक संस्था आहे, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी, स्थापना १९७६ ची. तिच्या पहिल्या पायरीची परीक्षा आमच्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या एकाच चाकूने टांगलेला इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग लाकडाची जाड फळी दोन वेळा तोडायची. मग त्याच धारेने, पुन्हा धार न लावता, हातावरचे केस काढून दाखवायचे. आणि शेवटी पाते पकडीत आवळून काटकोनात वाकवायचे. मोडता कामा नये. म्हणजे धार कडक हवी आणि पाठ लवचीक. या परीक्षेत चाकू वाया जातो. नक्षीकाम, चांदीची मूठ वगैरे पुढे पाहतात, आधी हे. आमच्या चाचांची मटणाच्या दुकानातली सुरी वीस वर्षे रोज हीच परीक्षा देत आली आहे. फरक इतकाच की, तेथे उत्तीर्ण होणाऱ्यास नावापुढे पदवी मिळते आणि त्या नावावर त्याचा चाकू शेकडो डॉलरला जातो.

येथे कोणी म्हणेल की, अमेरिकेत श्रीमंत शौकीन लोक आहेत, आपल्याकडे कोण घेणार? हे अर्धेच खरे आहे. पाकिस्तानातील वझिराबादचे उदाहरण पाहा. तेथील कारागीर दोन प्रकारच्या पोलादाचे थर जोडून, दुमडून लाटालाटांच्या नक्षीची पाती बनवितात. दमास्कस या नावाने ही पाती अमेरिकेतही जातात. तंत्र तेच, जे तिकडे बिल मोरन यांनी १९७३ मध्ये पुन्हा लोकांपुढे आणले आणि ज्यावर त्यांना मोठा मान मिळाला. पण वझिराबादचा माल तिकडे बहुतेक कारागिराच्या नावाशिवाय, ढिगाने आणि स्वस्तात विकला जातो. त्यात उत्तम पातीही असतील आणि पाणी न दिलेली, नुसती दिसायला सुंदर अशीही असतील. घेणाऱ्यास फरक कसा कळावा? कळत नाही, म्हणून तो सर्वांनाच कमी भाव देतो. बिननावी मालात चांगल्या कारागिराचे नुकसान होते आणि वाईट कारागीर त्याच्या पाठीमागे लपतो.

ही गोष्ट इंग्रजांना फार पूर्वी कळली. शेफील्ड शहरातील चाकूवाल्यांची पेढी १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाली. प्रत्येक उस्तादास तिच्याकडून आपली खूण नोंदवून घ्यावी लागे आणि दुसऱ्याची खूण मारणे गुन्हा ठरे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात ज्या रॉजर्सच्या चाकूचे नाव घराघरांत होते, त्या रॉजर्सची तारा आणि क्रूस ही खूण १६८२ ची. या कंपनीने १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा एक अजस्र चाकू केला होता, तो आजही शेफील्डला जपून ठेवलेला आहे. कामाचा काही नाही, केवळ आमचा हात किती चालतो हे दाखविण्यासाठी! मुंबई आणि कलकत्त्यातही रॉजर्सचा व्यवसाय होता. साहेबाचा चाकू चांगला असे आपले लोक म्हणत. तो चांगला होताच, पण त्यावर नाव होते म्हणून तो चांगला आहे हे लोकांच्या लक्षात राहिले, हेही तितकेच खरे.

पुढे जर्मनीच्या झोलिंगेन शहरातील काही लोक आपल्या मालावर शेफील्डचे नाव मारून विकू लागले, तेव्हा इंग्लंडने १८८७ मध्ये कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले. गंमत अशी की, नंतर त्याच झोलिंगेनने आपला दर्जा इतका वाढविला की १९३८ मध्ये त्यांना स्वतःच्याच शहराचे नाव नकली मालापासून वाचविण्यासाठी कायदा करून घ्यावा लागला.

पण शेफील्डच्या कथेत एक काळी बाजू आहे आणि ती आमच्या कारागीर बंधूंना विशेष ओळखीची वाटेल. तेथे एक खोली भाड्याने घेऊन काम करणारे स्वतंत्र उस्ताद असत, त्यांना लिटल मेस्टर म्हणत. ते चाकू करीत, आणि पात्यावर नाव पडे मोठ्या कंपनीचे. स्टॅन शॉ हे अशांपैकी अखेरच्या काहींतले एक. १९४१ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी ते कामास लागले. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी दुसऱ्याच्या नावाने माल केला. कंपन्या बसत गेल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी स्वतःचे काम सुरू केले. त्यानंतर लोक त्यांच्या घडीच्या चाकूसाठी वर्षानुवर्षे थांबू लागले. २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी ते वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी दखल घेतली. हात तोच होता. केवळ नाव आले आणि सर्व बदलले.

आता आपल्याकडे या. चाकू म्हटले की आपल्या तोंडी पहिले नाव येते रामपूरचे. उत्तर प्रदेशातील रोहिल्या पठाणांची ही रियासत १७७४ मध्ये स्थापन झाली आणि १९४९ मध्ये भारतात विलीन झाली. तेथील खटक्याचा घडीचा चाकू इतका नावाजला की मुंबईच्या पोलीस पंचनाम्यांत आणि हिंदी चित्रपटांत 'रामपुरी' हा शब्द चाकू न म्हणताही चाकूसाठी चालू लागला. १९६५ च्या 'वक्त' चित्रपटातील राजकुमारचा चाकूचा प्रसंग आमच्या पिढीतल्या प्रत्येकास पाठ आहे. पण हे नाव गुंडाच्या खिशातले नाव झाले. पडद्यावर चाकू उघडताना तो खटका वाजे आणि सभागृह स्तब्ध होई. तो खटका नेमका कोणी बसविला, पाठीची कमान आणि पात्याची खाच यांचा मेळ केसभर इकडेतिकडे झाला तर तो आवाज येतच नाही, हे कोणाच्या मनातही येत नसे. वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांना रामपूरच्या एका तरी चाकू-कारागिराचे नाव सांगता येईल? आम्हास येत नाही आणि याची आम्हास लाज वाटते.

१९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूवर बंदी आणली आणि तेथील धंदा बसला. स्वस्त कारखानी माल आला तो वेगळाच. बंदी चूक की बरोबर या वादात आम्ही शिरत नाही. ज्याच्या घरात चाकूने माणूस गेला त्याला विचारले तर तो वेगळेच सांगेल. मात्र एक विचार मनात येतो. रामपूरच्या कारागिराने स्वतःच्या नावाने स्वयंपाकघराचा, बागकामाचा, शिकलगाराचा, कसायाचा चाकूही तितक्याच हुन्नराने बाजारात आणला असता, आणि व्यापाऱ्याने तो तसा विकला असता, तर एका प्रकारावर बंदी येताच सर्वच घरांच्या भट्ट्या थंड झाल्या असत्या का? २०२३ मध्ये तेथील एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला आणि चौकास चाकूचेच नाव दिले. शहराला अभिमान आहे हे चांगलेच. पण चौकातला चाकू भाजी कापत नाही आणि कारागिराची रोजीही देत नाही.

मेरठची कात्री याच घराण्यातली. तीही भंगारातल्या पोलादाची, पुन्हा पुन्हा धार लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरण्याजोगी आणि बहुतांशी मुस्लिम कारागिरांच्या हातची. तिला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. याने शहराच्या नावाचे संरक्षण होते, ही मोठीच गोष्ट आहे. तथापि शहराचे नाव हे सर्वांचे नाव. ज्याचा रंग पिवळ्यावर थांबतो आणि ज्याचा निळ्यावर जातो, ते दोघेही मेरठचेच. कच्छमध्ये भुजजवळच्या रेहा गावांच्या सुऱ्यांनाही हाच न्याय लागू पडतो, त्या आम्ही विकल्या आहेत आणि त्यांत चांगल्या-वाईट दोन्ही निघाल्या आहेत.

महाराष्ट्रात तर आपल्या समाजात शिकलगार नावाची जमातच आहे. सैकल म्हणजे हत्यारास झळाळी देणे, त्यावरून हा शब्द आला. तलवारी गेल्या, आता त्यांतले कित्येकजण सायकलवर सहाणेचे चाक बांधून गल्लोगल्ली कात्र्या-विळ्यांना धार लावतात. धारेचे मोल आपल्या दीनमध्येही सांगितले आहे. जनावरास क्लेश होऊ नयेत म्हणून सुरीला चांगली धार करावी, अशी पैगंबर साहेबांची (सल्ल.) शिकवण आहे. असे असता आपण कुर्बानीसाठी सुरी घेताना सर्वांत स्वस्त पत्र्याची शोधतो आणि ती तिसऱ्या जनावरास बोथट होते. व्यापारी म्हणून आम्ही ती ठेवतो, कारण ती मागितली जाते.

आणि आता आमची स्वतःची कबुली. पंधराएक वर्षांपूर्वी याच चाचांनी एकदा पात्यावर आपले नाव मारून डझनभर सुऱ्या आणल्या होत्या. कोण्या मुलाने त्यांना ठसा करून दिला होता. आम्ही म्हणालो, चाचा, हे नको. गिऱ्हाईक उद्या सरळ तुमच्याकडे जाईल, मग आमचे दुकान कशाला? नाव घासून काढा. त्यांनी घासून आणल्या. त्यावर आम्ही आमच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवली. त्या वेळी यात काही वावगे आहे असे वाटले नाही, धंद्याची रीतच ती. आज वाटते, त्या दिवशी आम्ही त्यांच्या मुलालाही भट्टीतून बाहेर काढले. तो आता मालवाहू टेम्पो चालवतो. ज्या कामावर बापाचे नाव नाही ते काम मुलाने का शिकावे?

तेव्हा व्यापारी बंधूंना आमची सूचना आहे, आणि ती आम्ही आधी स्वतः पाळून मग सांगत आहोत. कारागिरास नाव मारू द्या. ठसा ही काही मोठी गोष्ट नाही. लोखंडी पंच चारदोनशे रुपयांत होतो, फक्त तो पाणी देण्यापूर्वी, पाते मऊ असताना मारावा लागतो. नंतर मारला तर पाते तडकते. पुढे माल चालू लागला तर नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करता येते. चाकू-सुऱ्या व हात-हत्यारे आठव्या वर्गात येतात, व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी फी ४,५०० रुपये आहे आणि नोंद दहा वर्षे टिकते. सप्टेंबर २०२३ पासून केंद्राची विश्वकर्मा योजना आहे, तिच्या अठरा व्यवसायांत लोहार, अस्त्रकार आणि अवजारे करणारे धरलेले आहेत. हत्यारांसाठी १५,००० रुपयांची मदत आणि तारणाशिवाय पहिले एक लाखाचे कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. कुटुंबात एकासच लाभ मिळतो, तेव्हा घरात कोणाचे नाव घालायचे ते आधी ठरवा. नाव जाहीर होणार म्हणून कायदाही सांभाळा. घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाची हत्यारे सोडून नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर शस्त्रनियमांचे बंधन येते. शहरात मनाई आदेश लागू असताना चाकू खिशात घेऊन फिरू नये. दुकानातून घरी नेताना कागदात गुंडाळून, पावतीसह न्यावा आणि व्यापाऱ्यानेही पावतीवर कामाचा प्रकार लिहावा.

किंमत वाढेल, हे उघड आहे. आम्ही गेल्या ईदला चाचांकडून नाव मारलेल्या चाळीस सुऱ्या घेतल्या, नेहमीपेक्षा दीडपट भावाने, आणि आमचा नफा तेवढाच ठेवला. निम्म्या गेल्या, निम्म्या राहिल्या. हे आम्ही लपवीत नाही. राहिलेल्या पुढच्या सहा महिन्यांत गेल्या, बहुतेक खाटीक आणि हॉटेलवाले यांच्याकडे. काहींनी दुसऱ्यांदा येऊन नाव घेऊन मागितल्या. पत्र्याच्या सुऱ्या आम्ही अजून ठेवतो, त्याशिवाय दुकान चालत नाही.

मात्र आमच्या मनात नसलेली एक गोष्ट घडली, तीही सांगितली पाहिजे. ईदच्या दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक हाडावर मारताना टवका उडालेली सुरी घेऊन आले. पूर्वी ते आमच्याशी भांडले असते. या वेळी पात्यावरचे नाव वाचून, पत्ता विचारत सरळ चाचांच्या घरी गेले आणि मोहल्ल्यातल्या चार लोकांसमोर नको ते बोलले. चाचा संध्याकाळी आमच्याकडे आले ते गप्प बसून राहिले. आम्हास वाटले, आता म्हणतील की नाव नको. ते म्हणाले, "पट्टा मी वाजवून पाहिला होता. पण त्या दिवशी लग्नाचा बँड चालला होता, नीट ऐकू आलं नसेल." गिऱ्हाइकास त्यांनी दुसरी सुरी पैसे न घेता दिली होती आणि मोडकी मागून ठेवून घेतली होती.

ती आता भट्टीच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. घरात राहिलेली, त्यांचे नाव असलेली तेवढी एकच. मटणाच्या दुकानातली जुनी सुरी परत मिळावी म्हणून आम्ही कुरेशीभाईंना नवी सुरी आणि वर पाचशे रुपये देऊ केले होते. त्यांनी साफ नकार दिला.